देहदान सेवा, बेळगाव : आप्पांच्या वेळचा अनुभव (नास्तिक घरातनं)

आप्पा, म्हणजे माझे वडील, गेले त्याला आता दीड वर्ष होत आलं. त्यांचं देहदान केलं, बेळगावातल्याच एका मेडिकल कॉलेजला. तेव्हापासनं ओळखीतले, ओळखीच्यांच्या ओळखीतले बरेच जण फोन करून विचारतात की कसं असतंय ते, पैसे लागतात काय, रात्री गाडी येते काय, आणि मग जरा आवाज खाली करून, पावण्यांनी काय केलं हो मग. प्रत्येकाला तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतो. कॉलेजचं नाव घालत नाही कारण त्यांच्या दोन-तीन गोष्टी पटल्या नाहीत त्यापण लिहिणार आहे, आणि तिथल्या बाकीच्या माणसांनी आमच्याशी फार चांगलं वागलंय, त्यांच्या नावाला उगाच बट्टा नको. सेवा म्हणून पाचपैकी साडेतीन स्टार. दीड कुठं कापला ते पुढं येईलच.

आधी कोरडी माहिती. देहदानाला पैसे लागत नाहीत, देणाऱ्यालाही मिळत नाहीत. जिवंत असताना फॉर्म भरायचा, फोटो, आधार, दोन साक्षीदार, त्यातला एक जवळचा नातेवाईक असला तर बरं. मग एक कार्ड देतात. कर्नाटकात याला १९५७ चा ऍनाटॉमी ऍक्ट आहे, त्याखाली हे सगळं चालतं. खरी गोष्ट मात्र अशी की आपण सही केली म्हणजे काम झालं असं नाही, माणूस गेल्यावर घरच्यांची संमती लागते आणि घरच्यांनीच फोन करायचा असतो. घरात एकानं जरी भांडण काढलं तर कॉलेजवाले हात लावत नाहीत, तुमचं आपसात मिटवा आणि मग बोलवा म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पोस्टमॉर्टेम झालेला देह घेत नाहीत. एचआयव्ही, कावीळ बी वगैरे असेल तरी घेत नाहीत. कोरोनात तर घेणंच बंद होतं, तेव्हा आप्पा मला म्हणालते, "या दोन वर्षात मी मरून चालायचं न्हाई बघ." आणि ते खरंच त्या दोन वर्षात टिकले.

आप्पांनी फॉर्म भरला २०११ ला. त्याच्या आदल्या वर्षी बेळगावात एक गोष्ट घडलती, पेपरात सगळीकडं आलती. बैलहोंगलच्या डॉ. रामण्णावरांनी देहदान केलं होतं आणि त्यांचे चिरंजीव डॉ. महांतेश रामण्णावर, जे आयुर्वेद कॉलेजात शरीररचना शिकवायचे, त्यांनी २०१० साली वडलांच्या देहाचं विच्छेदन स्वतःच्या हातानं विद्यार्थ्यांसमोर केलं. आप्पांनी ते कात्रण कापून पाकिटात ठेवलं. त्यांना त्यातलं धाडस वगैरे फार वाटलं नाही, त्यांना वाटलं काम किती सरळ आहे. आप्पा बस डेपोत मेकॅनिक. त्यांचं म्हणणं असायचं की इंजिन उघडून बघितल्याशिवाय पोरगं शिकत नाही, नुसत्या चित्रावरनं गिअरबॉक्स कळत नाही. तर फॉर्म आणला आणि तो होता कन्नड आणि इंग्लिशमध्ये. आप्पांना डेपोमुळं कन्नड वाचता यायचं, अडचण काहीच नव्हती, पण ते म्हणाले माझ्या शेवटच्या कागदावर माझी भाषा पाहिजे. म्हणून त्यांनी फॉर्मच्या मागं मराठीत चार ओळी लिहिल्या, माझ्या देहाचा शिक्षणासाठी उपयोग करावा, माझ्यामागं कोणताही विधी करू नये, पत्नीला तिच्या मनाप्रमाणं वागू द्यावं. खिडकीवरचा माणूस म्हणाला हे लागत नाही. आप्पा म्हणाले तुम्हाला लागत नाही, मला लागतंय. त्या माणसानं तो कागद तसाच घेतला, झेरॉक्सवर शिक्का मारून दिला. अर्धा स्टार मी इथं कापलाय. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातनं येणारे निम्मे लोक मराठी बोलणारे, त्यात मरणाचा कागद, तो माणसाला आपल्या भाषेत वाचता आला पाहिजे. एक पान छापायला काय लागतंय. हे मी त्यांना लेखी दिलंय.

आप्पा नास्तिक का झाले हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्यांना पुस्तकं वाचून नास्तिकपण आलं नाही, ते नंतर वाचायला लागले. त्यांच्या थोरल्या बहिणीच्या केसात जट आली. घरात कुणीतरी म्हणालं यल्लम्मा आली, आता पोरगी देवीची. दहा-अकरा वर्षाची पोर, नेली सौंदत्तीला, यल्लम्माच्या देवळात, आणि सोडली देवीला, देवदासी म्हणून. हे पन्नासच्या दशकातलं. देवाला पोरी सोडायला बंदी घालणारा मुंबई इलाख्याचा कायदा १९३४ लाच झालता आणि बेळगाव तर त्याच इलाख्यात होतं, पुढं कर्नाटकानं परत १९८२ ला केला, पण आमच्या गावात त्या दिवशी कायदा कुणाला ठाऊक असणार. आप्पा नोकरीला लागल्यावर पहिल्या पगाराच्या सुट्टीत गावाकडं गेले आणि बहिणीला म्हणाले, आक्का बस. कात्री लावून जट कापली. आतनं काय निघालं तर मळ, भंडारा आणि तेल, वर्षानुवर्षं न विंचरलेले केस एकमेकांत गुंतून घट्ट झालेले, एवढंच. आक्का थरथर कापत होती, आता देवी खाणार म्हणून. महिना गेला, दोन महिने गेले, काही झालं नाही. पण तोवर तिचं सगळं आयुष्य होऊन गेलतं. आप्पा हे सांगताना कधी रागावून बोलायचे नाहीत, फक्त म्हणायचे, "एक फणी मिळाली असती तर." त्यांचा देवाशी वाद त्या फणीवरनं सुरू झाला आणि मी त्याच घरात वाढलो, त्यामुळं मला नास्तिक व्हायला काहीच कष्ट पडले नाहीत. कष्ट पडले ते नंतर, निभावताना.

आता ती रात्र. आप्पा गेले घरी, वडगावात, पहाटे पावणेचारला. हृदय मोठं झालं होतं, दोन महिने अंथरुणावर, त्यामुळं अचानक असं नव्हतं. ज्यांच्या घरी देहदानाचं कार्ड आहे त्यांनी ही पुढची ओळ नीट वाचा. पहिला फोन करायचा तो घरच्या डॉक्टरांना. मृत्यूचं कारण लिहिलेला दाखला डॉक्टरांच्या सहीचा लागतोच, तो नसला तर गाडी येत नाही, आणि डॉक्टर म्हणाले की मला कारण माहीत नाही तर प्रकरण पोलिसात, मग पोस्टमॉर्टेम, मग देहदान संपलं. आमचे डॉक्टर दर आठवड्याला येऊन बघत होते म्हणून पाच वाजता येऊन त्यांनी लिहून दिलं. दुसरा फोन नेत्रपेढीला. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. तोवर पंखा बंद करायचा, पापण्या मिटायच्या, वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी घ्यायची. माझ्या मिसेसनं हे सगळं कार्डाच्या मागं वाचून केलं, मला त्या वेळी वाचलेलं कळत नव्हतं. दोन पोरं आली, पंचवीस-सव्वीस वर्षांची, बूट बाहेर काढून आत आली, आईला नमस्कार केला, वीस मिनिटांत काम झालं आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही कळत नव्हतं. या दोन पोरांना मी पाचपैकी दहा देईन. डोळे दिले तरी देह घेतात, याबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज आहे.

आणि मग कॉलेजचा नंबर. कार्डावर छापलेला लँडलाइन वाजत राहिला, वाजत राहिला. तो डिपार्टमेंटचा नंबर, ऑफिसच्या वेळेतच उचलतात. माणूस काय दहा ते पाचच्या दरम्यानच मरतोय काय? एक स्टार पूर्ण इथं कापला आणि तो मी माघारी देणार नाही. शेवटी भाच्यानं हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जाऊन सांगितलं, तिथल्या सिस्टरनी स्वतःच्या मोबाइलवरनं कुणाला तरी उठवलं, आणि साडेआठला गाडी आली. त्या सिस्टर नसत्या तर काय झालं असतं मला माहीत नाही. तुम्ही काय करा, फॉर्म भरतानाच रात्रीचा मोबाइल नंबर मागून घ्या आणि वर्षातनं एकदा लावून बघा.

पावणेचार ते साडेआठ या वेळात घरात जे झालं तो खरा भाग. चुलते आले, आत्ती आली. आत्ती म्हणजे आप्पांची धाकटी बहीण, सत्तरीची. तिला देहदानाचं माहीत होतं, कार्ड तिनं बघितलं होतं, पण माहीत असणं वेगळं. ती आप्पांच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "अग्नी न्हाई, पाणी न्हाई, माझ्या भावाला असं कुठं ठेवून येणार रे तुम्ही?" चुलते म्हणाले, पोरगा असून तोंडात अग्नी देणारा नाही असं आपल्या घरात झालेलं नाही. मी उत्तर देत होतो, फॉर्म दाखवत होतो, आप्पांच्या अक्षरातल्या ओळी वाचून दाखवत होतो, आणि मला जाणवत होतं की मी बरोबर आहे आणि तरी माझ्या बोलण्यात आत्तीला धरायला काही नाही. तिला पुरावा नको होता. तिला भावाला कुठंतरी नीट पोचवायचं होतं.

मिटवलं आईनं. आई पक्की देवभक्त, दर शुक्रवारचा उपास, माघ पुनवेला सौंदत्ती चुकवत नाही, तीच सौंदत्ती. पन्नास वर्षं एका घरात एक यल्लम्माला जाणारी आणि एक यल्लम्मावर आयुष्यभर राग धरलेला, आणि दोघांनी एकमेकांच्या ताटात कधी हात घातला नाही. आई म्हणाली, "माझ्या उपासाला ह्यांनी कधी आडकाठी केली न्हाई. सौंदत्तीच्या बसचं तिकीट ह्येच काढून आणायचे. आता ह्यांच्या शब्दाला मी आडवी येऊ काय?" त्यावर कुणी बोललं नाही. संमतीच्या कागदावर पहिली सही आईची आहे.

गाडी गेली नऊ वाजता. अकराला खानापूरकडचे पावणे आले, हार घेऊन, माती कधी आहे विचारत. आणि देह नाही. हे मी आधी लक्षातच घेतलं नव्हतं. आपल्याकडं माती म्हणजे शेवटचं दर्शन, चार गावचे लोक आल्याशिवाय उचलत नाहीत, आणि इथं तर लवकर पोचवायची घाई. एक म्हातारे गृहस्थ, आप्पांच्या बरोबरीचे, डेपोतनं रिटायर झालेले, दोन बस बदलून आले होते, ते हार हातात घेऊन तसेच उभे राहिले. मी त्यांच्याकडनं तो हार घेतला आणि मलाही कळेना कुठं ठेवू. अजून तो प्रसंग आठवला की पोटात गोळा येतो. तुमच्या घरी वेळ आली तर जवळच्यांना रात्रीच फोन करा, सकाळची वाट बघू नका, अमुक वाजता गाडी येणार आहे, त्याच्या आत या, असं स्पष्ट सांगा.

दुसरा धक्का पेपरच्या काउंटरवर. इथल्या मराठी पेपरात निधनाची बातमी कशी येते तुम्हाला माहीत आहे, नाव, वय, मागं कोण कोण आणि शेवटी रक्षाविसर्जन अमुक वारी सकाळी आठला. त्या शेवटच्या ओळीवर सगळं गाव चालतं. ज्याला मातीला जमलं नाही तो तिसऱ्या दिवशी सकाळी आठला येतो, ज्याला तेही जमलं नाही तो बाराव्याला. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, रक्षाविसर्जन कधी टाकू? आमच्याकडं रक्षाच नव्हती. त्या दिवशी मला नीट कळलं की धर्म ही नुसती श्रद्धा नाही, ती एक व्यवस्थापण आहे. कोण कधी येणार, आल्यावर काय करणार, काय बोलणार, काय खाऊन जाणार, किती दिवस रडायचं आणि कधी उठून कामाला लागायचं, सगळं ठरलेलं. दुःखात बुडालेल्या माणसाला डोकं चालवावं लागत नाही. नास्तिक माणसाला त्याच दिवसात सगळं स्वतः ठरवायचं असतं आणि त्याच दिवसात डोकं चालत नसतं. नास्तिक असण्याचा माझ्या अनुभवातला सगळ्यात मोठा तोटा विचाराल तर हाच.

मी तिथं उभं राहून लिहून दिलं, "देहदान केले आहे. आठवणींसाठी सोमवारी सकाळी ८ वाजता राहत्या घरी यावे." आणि लोक आले! साठ-सत्तर तरी असतील. वेळ रक्षाविसर्जनाचीच ठेवली होती म्हणून लोकांना बरोबर समजलं. चहा होता, अंगणात सतरंजी, आप्पांचा डेपोतला फोटो. कुणी काय बोलायचं ठरलं नव्हतं. पहिली दहा मिनिटं फार जड गेली. मग डेपोतले एक फोरमन कन्नडमध्ये बोलले, पावसाळ्यात चोर्ला घाटात बंद पडलेल्या बसखाली आप्पा कसे रात्रभर चिखलात झोपून काम करत होते, मग एकेक जण मराठीत, कन्नडमध्ये, मिसळून. आईनं त्यातल्या निम्म्या गोष्टी पहिल्यांदाच ऐकल्या. भटजी बोलावले असते तर या गोष्टी कुणी बोललं नसतं, हे मी खात्रीनं सांगतो. पण आत्ती आली नाही.

दहाव्या दिवशी मी कामाला गेलो नाही. कामच नव्हतं काही, तरी गेलो नाही. चुलतभावानं त्याच्या वडलांच्या वेळी नदीवर पिंड ठेवला तेव्हा कावळा यायला दीड तास लागलता, आणि तो दीड तास त्याच्यासाठी किती भयंकर होता ते मला माहीत आहे, काय राहिलं, कुठली इच्छा राहिली, अजून स्वतःला दोष देतो तो. मला ती भीती नव्हती. आप्पांची इच्छा कागदावर होती, ती पुरी झाली होती, कावळ्याला विचारायची गरज नव्हती. हा फायदा मी हलका समजत नाही. पण त्याच्याकडं त्या दीड तासात करायला काहीतरी होतं आणि मी घरात बसून भिंतीकडं बघत होतो.

आजारपणातही असंच दोन्ही बाजूंनी. लोक येऊन सांगायचे, आक्काची जट कापली त्याचं आहे हे, देवी विसरत नाही, पन्नास वर्षांनी का होईना. आस्तिक घर असतं तर त्या एका वाक्यानं घर पोखरून काढलं असतं, नवस, गाऱ्हाणं, अमक्याकडं बघून या, तमक्याचा दोरा बांधा. आम्ही तो पैसा आणि वेळ ऑक्सिजनच्या मशीनवर आणि रात्रीच्या नर्सवर घातला. "हे माझ्याच वाट्याला का" हा प्रश्न आप्पांनी एकदाही विचारला नाही, हृदय थकलंय एवढंच म्हणायचे. शेवटच्या दोन महिन्यांत आम्ही बाप-लेक मरणाबद्दल जितकं सरळ बोललो तितकं मी कुठल्याच घरात ऐकलेलं नाही. पण रात्री दोनला, त्यांचा श्वास अडकायला लागला की आई देव्हाऱ्यापुढं बसायची, हात जोडायची, आणि थोड्या वेळानं तिला झोप लागायची. मला लागायची नाही. कुणाच्यातरी खांद्यावर टाकायला माझ्याकडं ओझं होतं पण खांदा नव्हता. यावर माझ्याकडं आजही उपाय नाही आणि जे नास्तिक म्हणतात की आम्हाला कशाची गरजच पडत नाही, त्यांनी आपल्या माणसाचा अडकलेला श्वास रात्रभर ऐकलेला नसावा.

थोडं सीमाभागाबद्दल, कारण पुण्या-मुंबईचा नास्तिक आणि बेळगावचा नास्तिक यात फरक आहे. इथं आमचं मराठीपण देवळात आणि मंडळात राहतं. सरकारी पाट्या कन्नड, कागद कन्नड, मराठी शाळांची पटसंख्या बघा काय झाली आहे. मग मराठी मोठ्यानं कुठं बोललं जातं, तर गणपतीच्या मंडपात, शिवजयंतीच्या चित्ररथाच्या मिरवणुकीत, हरिपाठाला, दिंडीत. मी आरतीला उभा राहत नाही म्हटलं की लोकांना वाटतं हा आपल्यातनं फुटला. देव सोडला तर भाषाही सोडल्यासारखं दिसतं. मी वर्गणी देतो, मंडळाच्या रक्तदान शिबिराला दरवर्षी रक्त देतो, मिरवणुकीत पाणी वाटतो, तरी आरती सुरू झाली की बाजूला सरकून उभा राहतो, आणि ती पाच मिनिटं मला दरवर्षी एकटं पाडतात. उद्यमबागेत माझं छोटं मशीनशॉप आहे, खंडेनवमीला कामगार मशीनला हार घालतात, कुंकू लावतात. मी कधी अडवलं नाही. बोनस देतो, जेवण देतो, पूजेला बसत नाही, आमच्यातला सगळ्यात जुना फिटर बसतो. पहिल्या वर्षी एक मशीन बंद पडलं तेव्हा दोघं-तिघं माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होते ती विसरलेलो नाही. बेअरिंग गेलं होतं.

आणि भीती. २०१३ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात दाभोलकर, २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात पानसरे, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धारवाडात कलबुर्गी सर, तिघांनाही गोळ्या घालून मारलं. कलबुर्गी तर बसवण्णांच्या काळच्या कन्नड वचन साहित्याचे संशोधक. पुणे, कोल्हापूर, धारवाड, तिन्ही गावं आमच्या दारावरनं जाणाऱ्या एकाच हायवेवर. आईनं त्यानंतर कितीतरी महिने आप्पांना चौकात बोलू दिलं नाही. आप्पा चौकात जायचे पण गप्प बसायचे, तिच्यासाठी. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या देशात स्वतःला नास्तिक लिहून घेतलेले ३३ हजारांच्या आसपास निघाले, एकशे एकवीस कोटींत. खरे तेवढेच असतील असं मला वाटत नाही. बाकीचे आमच्या आप्पांसारखे घरच्यांसाठी गप्प बसलेले असणार.

चांगलंही बरंच आहे. आमचं लग्न १९५४ च्या स्पेशल मॅरेज ऍक्टखाली झालं, तीस दिवस नोटीस बोर्डावर, तीन साक्षीदार, मुहूर्त नाही, हुंडा नाही, कर्ज नाही. सासऱ्यांचा जीव त्या तीस दिवसांत टांगणीला लागलता, पण आज तेच दुसऱ्यांना सांगतात. मुलीला पाळी आली तेव्हा घरात कोपरा धरायला लागला नाही. अमावस्येला गाडी घेतली, शोरूममध्ये गर्दी नव्हती. मुलगी देवाबद्दल विचारते तेव्हा तिला आजीचं काय मत आणि माझं काय मत हे दोन्ही सांगतो, ती नवरात्रात आजीबरोबर घट बसवते आणि माझ्याबरोबर दुर्बिणीतनं गुरूचे चंद्र बघते. पुढं काय ठरवायचं ते तिचं ती ठरवेल.

परत सेवेकडं. मृत्यूच्या दाखल्यासाठी एकवीस दिवसांच्या आत नोंद करायची असते हे सगळ्यांना माहीत असतंय, पण दाखला काढायच्या खिडकीवर स्मशानाची पावती मागतात. ती आपल्याकडं नसते. त्याऐवजी कॉलेजनं देह ताब्यात घेतल्याचं पत्र लागतं, ते गाडी न्यायला येते त्याच वेळी मागून घ्या, आम्हाला दोन दिवसांनी जाऊन आणावं लागलं आणि खिडकीवर तीन खेटे पडले.

तोवर सगळं समजून घेता येतं. नंतर मात्र कॉलेजकडनं काही नाही. एक फोन नाही, एक पत्र नाही. देह कधी वापरात घेतला, कधीपर्यंत असणार, काहीच नाही. मी आठ महिन्यांनी स्वतः गेलो. डिपार्टमेंटमधल्या मॅडमनी बसवून घेतलं, पाणी दिलं, आणि सगळं नीट सांगितलं. देह फॉर्मलिनमध्ये काही महिने ठेवतात, मग पहिल्या वर्षाच्या मुलांना देतात, सुरुवातीला मुलं देहासमोर उभी राहून शपथ घेतात की या माणसाचा मान ठेवू. शिकवून झाल्यावर जे उरतं त्याचं दहन संस्था करते. मला बघता येणार नाही म्हणाल्या, आणि मी बघायला मागितलंही नव्हतं. मी एवढंच विचारलं की आप्पांच्या टेबलावर किती मुलं शिकली. त्यांनी रजिस्टर काढलं आणि सांगितलं. तो आकडा मी इथं लिहीत नाही, तो आमच्या घरचा आहे. पण हे त्यांनी चार ओळींच्या पत्रात आपणहून कळवलं असतं तर आईचे ते आठ महिने वेगळे गेले असते. एवढ्यात सगळं सांगता येतं, मग का सांगत नाहीत? कापलेला होता तो एकूण दीड स्टार, अर्धा भाषेचा, एक रात्रीच्या फोनचा. या पत्राचा अजून अर्धा कापायला हवा खरं म्हणजे, पण त्या मॅडमनी ज्या पद्धतीनं रजिस्टर उघडलं त्यामुळं कापवत नाही.

घरी येऊन आईला आकडा सांगितला. तिनं तो दोनदा विचारून घेतला. दुसऱ्या दिवशी आत्तीच्या घरी जाऊन सांगून आली. आत्ती वर्षश्राद्धाच्या तारखेला आली, स्वतःहून, डब्यात आप्पांना आवडायच्या म्हणून बाजरीच्या भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन. ताट वाढून बाहेर नेऊन ठेवू काय असं तिनं मला विचारलं. मी म्हणालो ठेव की. ती ठेवून आली आणि मग आम्ही सगळे जेवलो.

महिन्यापूर्वी आईनं विचारलं, फॉर्म अजून मिळतो काय. मी आणून दिला, कन्नड-इंग्लिशच आहे अजून, मराठीत वाचून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला ह्यांच्याच खोलीत ठेवतील काय रे?" मी मॅडमना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या असं काही सांगता येत नाही, आणि तोवर आप्पांचं दहनही झालेलं असेल. मी आईला तसंच सांगितलं, खोटं सांगितलं नाही. तिनं फॉर्म घडी घालून देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवलाय. सही केलेली नाही.